ज्याच्या हातात घंटा, त्याने बोलायचं

बाई गेल्याची बातमी शाळेत आली तेव्हा मी पूच्या हातात होते.

पू साडेचार वर्षांची मुलगी. ती चित्राबद्दल बोलत होती. चित्रात एक वाघ झोपला होता आणि त्याच्या पाठीवर बसून एक उंदीर दाणे खात होता. पूने नियमाप्रमाणे मला दोनदा हलवलं आणि म्हणाली, "उंदराला वाटतंय ही टेकडी आहे. पण मला वाटतं..."

एवढ्यात गावचे प्रमुख दाराशी आले. ते आत आले नाहीत. त्यांनी धाकट्या बाईंना, म्हणजे दालावानला, बाहेर बोलावलं. ती परत आली तेव्हा तिने पूच्या हातातून मला काढून घेतलं आणि खिळ्याला अडकवलं.

"माझं झालं नाही अजून," पू म्हणाली.

"आज शाळा सुटली. घरी जा सगळे."

"पण माझं..."

"घरी जा म्हटलं ना!"

दालावान कधी ओरडत नसे. मुलं निमूट चपला शोधायला लागली. सगळी गेल्यावर ती चटईवर बसून राहिली. उघडं पुस्तक मिटायचंही तिला सुचलं नाही. मोठ्या बाई, चानथोम बाई, चार दिवसांपूर्वी तापाने फणफणत शहरातल्या दवाखान्यात गेल्या होत्या. सोमवारी येते, असं सांगून गेल्या होत्या. तो सोमवारच होता.

मित्रांनो, त्या दिवशी खिळ्यावर लटकून जिने हे सगळं पाहिलं, ती मी. फणसाच्या लाकडाची जुनी घंटा. पितळेची नाही, चकचकीत नाही. म्हशीच्या गळ्यात बांधतात तसली. माझ्या पोटात दोन लाकडी लोलक आहेत. मला हलवलं की टणटण होत नाही, टोकोक टोकोक होतं. लाओसच्या उत्तरेला, नदीच्या वळणावर नासांग नावाचं गाव आहे. तिथे खामतान नावाच्या माणसाने मला घडवलं. चानथोम ही त्याची बायको.

तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. वादळात घरामागच्या फणसाची एक मोठी फांदी मोडली. खामतानने तिचा एक ठोकळा उन्हात वाळवला आणि मग पटाशीने आतून कोरायला घेतला. चानथोम शेजारी बसून मिरच्या निवडत होती. लोलक बसवून त्याने मला पहिल्यांदा हलवलं.

"कशी आहे?"

"शेजाऱ्यांच्या म्हशीसारखीच वाजते. संध्याकाळी रानातून आपली कुठली नि त्यांची कुठली, कसं कळायचं?"

त्याने लोलक काढले आणि पोटातलं आणखी लाकूड खरवडलं.

"आता?"

"आता सर्दी झाल्यासारखी वाजते."

"मग टाकून देऊ?"

"टाकतोस कशाला? अशी दुसरी कुणाची नाही. बांध."

अशी मी म्हशीच्या गळ्यात गेले. पंधरा वर्षं मी रानात हिंडले. भातकापणी झाली की म्हशी मोकळ्या सुटत. संध्याकाळी खामतान बांधावर उभा राहायचा, कान द्यायचा आणि बरोबर माझ्या दिशेने चालत यायचा. मी कधी धुक्यात असायचे, कधी बांबूच्या बेटात, कधी गळ्यापर्यंत चिखलात. तो एकदाही चुकला नाही. त्या वर्षांत मी पाणी प्यायले, ऊन खाल्लं आणि म्हशीच्या मानेला घासून घासून गुळगुळीत झाले. पहिल्या म्हशीनंतर तिची मुलगी आली, मग तिची मुलगी.

मग गावात नांगरणीचे पॉवर टिलर आले. म्हशी गेल्या. घर खांबांवर उभं होतं. त्या घराखालच्या एका खांबावर खामतानने मला टांगलं आणि तो विसरला. मी त्याला दोष देत नाही. काम संपलेली वस्तू कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. कुंभारीण माशीने माझ्या पोटात मातीचं घर केलं. लोलक जागच्या जागी अडकले. सहा वर्षं मी वाजलेच नाही.

तोवर चानथोम गावातल्या बालवाडीची बाई झाली होती. घरी चानथोम, शाळेत चानथोम बाई. एका सुट्टीत ती शहरात शिकायला गेली आणि येताना एक पेटी भरून चित्रांची पुस्तकं घेऊन आली. शहरात तिला सांगितलं होतं की पुस्तक नुसतं वाचून दाखवू नका, चित्र पाहून मुलांना काय वाटतं ते विचारा. ती पहिल्याच दिवशी मुलांसमोर बसली, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

एकवीस मुलं एका सुरात ओरडली, "तुम्हाला काय वाटतं!"

आमच्याकडे बाई म्हणतील ते मागून म्हणायचं, हीच शाळा. मुलांचा त्यात काय दोष? बाईंनी पुन्हा सांगितलं, "नाही नाही, तुम्ही सांगायचं." मुलं म्हणाली, "नाही नाही, तुम्ही सांगायचं!" बाहेरून जाणारे एक आजोबा थांबले आणि कौतुकाने म्हणाले, "वा, काय पाठांतर आहे!"

त्या संध्याकाळी चानथोमने घराखाली येऊन मला खांबावरून काढलं आणि काडीने माझ्या पोटातली माती उकरायला लागली.

"आता ही कशाला?" खामतानने विचारलं. "म्हैस आणणार आहेस?"

"म्हैस रानात कुठे आहे ते तुला कळायचं ना? मला मुलं कुठे आहेत ते कळत नाही. समोर बसलेली असतात, तरी कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत नियम केला. ज्याच्या हातात घंटा, त्याने बोलायचं. आधी दोनदा वाजवायचं. मग चित्राबद्दल आपल्याला वाटेल ते सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही. तो बोलत असेपर्यंत बाकीच्यांनी तोंड बंद आणि कान उघडे ठेवायचे. बोलून झालं की घंटा पुढच्याला. काही बोलायचं नसेल तर नुसती धरून बसायचं, तेही चालेल. चूक असं काही नाही.

पहिल्या आठवड्यात कुणी बोललं नाही. मला धरून बसत, वास घेत, हळूच चाटूनही बघत. बाई थांबायच्या. त्यांच्याइतकी थांबणारी बाई मी पाहिली नाही. नवव्या दिवशी एका मुलाने मला हलवलं आणि म्हणाला, "या बदकाला शी लागली आहे." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्र जवळ घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंच की. पाय बघ कसे जुळवलेत त्याने." त्या दिवसापासून माझं नवं आयुष्य सुरू झालं.

मित्रांनो, त्यानंतर अकरा वर्षं मी जे ऐकलं ते रानात कधी ऐकलं नव्हतं. मोठी माणसं चित्राकडे बघतात आणि म्हणतात, छान आहे. मुलं बघतात तेव्हा त्यांना त्यात राहायचं असतं. एक मुलगी म्हणाली, "या घराला दार नाही, ही म्हातारी आत जाऊन अडकली आहे." एकाला चित्रातला चंद्र आवडला नाही, कारण तो सगळ्या पानांवर होता. "सारखा बघतोय," तो म्हणाला. एका मुलाने भाताच्या परडीकडे बोट दाखवून विचारलं की हिच्यात भात आहे की रिकामी आहे. रिकामी असेल तर तो पुढचं पान बघणार नव्हता. त्याच्या घरी त्या महिन्यात काय चाललं होतं ते बाईंना तेव्हा कळलं. संध्याकाळी त्या त्याच्या घरी भाताचं गाठोडं घेऊन गेल्या.

बाई दर पौर्णिमेला मला तेलाचं बोट लावायच्या. दोरी जीर्ण झाली की नवी वळायच्या. शेजारच्या गावांतल्या शिक्षिका मला पाहायला येत. एकीने तिच्या शाळेसाठी पितळेची घंटा आणली. पण ती इतकी गोड वाजायची की मुलं नुसती वाजवतच बसत, बोलायचं राहून जाई.

तर अशा बाई गेल्या.

आमच्याकडे माणूस गेलं की तिकडे त्याला लागणाऱ्या वस्तू इथून द्यायच्या असतात. बांबू आणि रंगीत कागदांचं एक छोटं घर करतात. त्यात माणसाच्या वस्तू भरतात आणि ते विहारात भन्तेंना दान करतात. दान केलं की ते त्याला पोचतं. खामतानने ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं. आत तिची उशी ठेवली, कंगवा, चष्मा, छत्री, विजेरी, विणलेला घागरा ठेवला. मग तो शाळेत गेला आणि खिळ्यावरून मला काढून घेतलं.

"ही पण?" दालावानने विचारलं.

"तिकडेही मुलं असतील," तो म्हणाला. "तिला लागेल."

दुःखात असलेल्या माणसाला कुणी काय म्हणणार? सगळ्या गावाने त्याला चांगलं म्हटलं. बायकोचं सगळं नीट दिलं, काही हातचं राखलं नाही, असं म्हटलं. मीही तेव्हा तसंच समजले. कागदाच्या घरात उशीला टेकून मी विहारात गेले. भन्तेंनी पाणी ओतून मंत्र म्हटले. मग कागदाचं घर जाळलं आणि आतल्या वस्तू विहाराच्या कोठीत गेल्या. मी एका फळीवर, पितळी ताटांच्या शेजारी.

कोठीत तीन आठवडे गेले. मग एका दुपारी कडी वाजली. आत खामतान आला. त्याच्यामागे भन्ते पेंग, आमच्या विहाराचे म्हातारे प्रमुख. आणि त्यांच्यामागे, उंबऱ्याबाहेर उभी राहून, खामतानची थोरली बहीण खेन. ती वाटेतूनच भांडत आली होती.

"भन्ते, तुम्हीच सांगा याला! दिलेलं दान कुणी परत मागतं का? अख्ख्या गावात नाक कापलं जाईल आमचं."

"मी परत मागत नाही, अक्का."

"मग काय, बघायला आलायस?"

"शांत हो, खेन," भन्ते म्हणाले. "त्याला सांगू दे."

खामतानला बोलायची सवय नव्हती. त्याने माझी दोरी चाचपली. मग त्याने सांगितलं. शाळेत काय झालं ते मला त्याच्याच तोंडून कळलं.

मुलं बोलत नव्हती. दालावान रोज पुस्तक उघडत होती आणि विचारत होती. मुलं तिच्याकडे बघत बसत. तुय नावाचा गुबगुबीत मुलगा सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "घंटा कुठाय?" दालावानने चेंडू दिला. "हा तर चेंडू आहे," तुय म्हणाला, "याने खेळतात." तिने डाव दिला. "याने वाढतात." तिने आपल्या हाताने पुठ्ठ्याची घंटा करून दिली. मुलांनी ती हलवून पाहिली, आवाज आला नाही, आदबीने परत दिली. शेवटी दालावान थकली. आता ती चित्र दाखवते आणि म्हणते, हा वाघ. मुलं म्हणतात, हा वाघ. आईबाप खूश आहेत. मुलं शहाणी झाली म्हणतात.

"मग चांगलंच आहे की," खेन म्हणाली.

"काल पू आली होती घरी," खामतान पुढे म्हणाला. "एकटी. म्हणाली, आजोबा, घंटा द्या. मी म्हटलं, ती तुझ्या बाईंना दिली. तर म्हणते, बाई तिकडे मुलांना बोलायला लावतात का? मी म्हटलं, लावत असेल. तर म्हणते, मग आम्ही कधी बोलायचं?"

खामतानने माझ्यावरची धूळ पुसली.

"भन्ते, पंधरा वर्षं हिच्या आवाजावर मी म्हैस शोधली. ही शाळेत कशाला नेली ते चानथोमने मला सांगितलं होतं. तरी मी विसरलो. मला वाटलं मी तिची वस्तू देतोय. ती तिची नव्हती. मी मुलांचं काहीतरी उचलून दिलं."

"पण पोचलं ना तिला!" खेनचा आवाज चढला. "आता काढून घेतलंस तर ती तिकडे रिकाम्या हाताने बसेल. स्वप्नात येऊन विचारेल तुला. काय सांगशील?"

"ये म्हणेन. विचारू दे. येऊ तर दे."

खेनने खांद्यावरचं उपरणं तोंडावर धरलं आणि मान फिरवली.

भन्ते पेंगांनी मला फळीवरून उचललं. त्यांनी मला हलवलं. तीन आठवड्यांनी मी वाजले. टोकोक टोकोक.

"हे बघ खामतान," ते म्हणाले, "दान विहाराचं झालं. मी ते देऊ शकत नाही, तू मागू शकत नाहीस. नियम तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. मी बदली घंटा देतो. नवी करून."

"कशी?"

"हिच्यासारखी."

"दिसायला की वाजायला?"

"वाजायला."

"मग ती झाली की आण. मी ऐकेन. पटली तर चानथोमच्या नावाने पुन्हा दान करू आणि ही तुझी." भन्तेंनी पितळी ताटांकडे बोट केलं. "तोवर ही विहाराचीच. पण विहाराची ताटं गावात लग्नाला जातात. चटया जातात. जेवणं झाली की घासून परत येतात. घंटा का जाणार नाही? सकाळी ने आणि आमच्या जेवणाआधी, अकराच्या आत, या फळीवर ठेव. स्वतः आणून ठेव. एक दिवस चुकलास तर बोलणं संपलं."

"चुकणार नाही," खामतान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आला. मला शर्टाच्या आत धरून, विहाराच्या पायऱ्या उतरून, नाल्यावरच्या बांबूच्या साकवावरून तो शाळेत गेला. दालावानने मला बघितलं आणि तिच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. मुलं मात्र अशी बसली जणू मी कुठे गेलेच नव्हते.

"पहिली मी," पू म्हणाली. "माझं राहिलंय."

दालावानने वाघाचं पुस्तक काढलं. पूने मला दोनदा हलवलं.

"उंदराला वाटतंय ही टेकडी आहे. पण मला वाटतं वाघ जागा आहे. त्याला माहीत आहे पाठीवर कोण बसलंय. तो हलत नाही, कारण उंदराचं खाऊन व्हायचंय."

"मग खाऊन झालं की?" दालावानने विचारलं.

"मग बघू," पू म्हणाली आणि मला तुयच्या मांडीवर ठेवलं.

त्या दिवशी चौदा मुलं बोलली. तुयने सांगितलं की वाघाच्या मिश्या त्याच्या बाबांसारख्या आहेत, पण बाबा झोपेत घोरतात आणि वाघ घोरत नाही, म्हणजे वाघ खरंच जागा आहे. नोक नावाची एक लाजरी मुलगी मला नुसती धरून बसली. तेही चालतं. साडेदहा वाजता खामतान उठला, मला घेतलं आणि विहाराकडे चालू लागला.

तेव्हापासून हाच आमचा दिवस. सकाळी ने, अकराच्या आत ठेव. पावसाळ्यात नाला भरला, साकव वाहून गेला. खामतान वरच्या वाटेने दोन कोस फिरून आला. त्याच्या पायाला काटा लागून पाय सुजला, तरी काठी टेकत आला. एकदा मात्र त्याला ताप भरला आणि उठवेना. तेव्हा विहाराच्या पायरीवर खेन उभी होती.

"माझ्याकडे बघू नका, भन्ते," ती म्हणाली. "मला अजूनही हे पटलेलं नाही. पण त्याने शब्द दिलाय."

"स्वतः आणायचं ठरलं होतं."

"मी त्याची बहीण आहे. एकाच आईचं दूध प्यायलोय. तेवढं चालत नसेल तर सांगा, मी त्याला पाठीवर घालून आणते."

भन्ते हसले आणि मला तिच्या हातात दिलं. खेन मला दोन बोटांत धरून, अंगापासून लांब ठेवून शाळेत घेऊन गेली. मुलांनी तिला चटईवर जागा करून दिली. ती म्हणाली, मला घरी ढीगभर कामं आहेत. आणि साडेदहापर्यंत बसली. तिच्या पाळीला चित्रातल्या कोंबड्या बघून ती म्हणाली, "या कोंबड्यांना कुणी दाणे घातलेले नाहीत. बघा माना कशा काढल्यात. कुणाच्या आहेत या? आळशी कुठले!" मुलांना ती फार आवडली.

खामतान स्वतः मात्र मागे, दाराजवळ बसायचा. त्याला वाचता फारसं येत नाही. मुलं पुढे काय बोलतात ते ऐकत, वेताच्या पट्ट्या सोलत बसायचा. एके दिवशी फिरत फिरत मी त्याच्यापर्यंत पोचले. नोकने मला त्याच्यापुढे धरलं होतं.

"आजोबा, तुमची पाळी," पू म्हणाली.

"मला काही वाटत नाही, बाळ."

"असं चालत नाही," तुय ओरडला. "वाटलंच पाहिजे!"

"तुय, नियम काय आहे?" दालावान म्हणाली. "नुसतं धरलं तरी चालतं."

खामतानने मला घेतलं. माझ्यावरचा त्याचा हात मी ओळखते. त्या हाताच्या खुणा माझ्या पोटात आहेत. पुस्तकाच्या पानावर एक स्वयंपाकघर होतं. चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. खामतान बराच वेळ बघत राहिला. मुलं थांबली. ती आता थांबायला शिकली आहेत. मग त्याने मला दोनदा हलवलं.

"चुलीत लाकूड जास्त झालंय," तो म्हणाला. "वाफेवरच्या भाताखालचं पाणी आटेल. भांडं करपेल."

"मग तिला सांगा ना," नोक म्हणाली.

नोकचे शाळेतले हे पहिले शब्द. ते माझ्याशिवाय बोललेले होते, नियम मोडून. कुणीही तिला थांबवलं नाही.

"सांगितलं असतं," खामतान म्हणाला आणि मला पुढच्या मुलाकडे दिलं.

मित्रांनो, मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. मी नुसतं लाकूड आहे. माझ्यात जादू नाही. चेंडूनेही चाललं असतं, डावानेही चाललं असतं, जर कुणी त्या मुलांसाठी अकरा वर्षं रोज थांबलं असतं. तुमच्या शेजारी बसलेलं लहान मूल चित्राकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागलं, तर त्याचं पूर्ण होऊ द्या. त्याच्या तोंडात तुमचे शब्द घालू नका. छान आहे म्हणून पान उलटू नका. आणि कुणी प्रिय माणूस गेलं, तर त्याच्या वस्तू द्या, जरूर द्या. पण देण्याआधी एकदा बघा, ती वस्तू कुणाच्या हातात होती.

खामतानने भन्तेंना दिलेला शब्द सोडलेला नाही. पहिली घंटा त्याने महिन्याभरात केली. ती भन्तेंनी ऐकली आणि म्हणाले, चांगली आहे, पण ही ती नाही. दुसरी कोरताना तडकली. तिसरी त्याने आधी शाळेत आणली. मुलांनी ती एकेकदा वाजवली, एकमेकांकडे पाहिलं आणि पूने ती त्याला परत दिली. "ही म्हशीला द्या," ती म्हणाली. आता गावात म्हैस नाही. ती घंटा खामतानच्या दाराशी टांगलेली आहे. तिला तो वाऱ्यावर वाजू देतो.

चौथीसाठी त्याने त्याच फणसाची आणखी एक फांदी उतरवली आहे. ठोकळा तासून झाला आहे. तो घराखाली वाळत पडला आहे. त्याचं पोट अजून कोरायचं आहे.